साथीच्या आजाराबद्दल गावात बोलताना: भीती किती दाखवावी आणि कुठे थांबावे

हा लेख नव्याने रुजू झालेल्या आशाताई, आरोग्य सेवक, समुदाय आरोग्य अधिकारी, अंगणवाडी सेविका, शिक्षक आणि ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीवर पहिल्यांदाच आलेल्या सदस्यांसाठी आहे. "लोकांना जरा धाक दाखवा, त्याशिवाय ते ऐकत नाहीत" हा सल्ला तुम्हाला कामाच्या पहिल्या आठवड्यातच मिळेल. त्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्याकडे दुर्लक्ष झाले, तर खोकणारा माणूस खोकला लपवतो, गोळी हातात घेतलेली बाई ती पदराला बांधून ठेवते आणि कुत्रा चावलेल्या मुलाला घरचे लोक दवाखान्याऐवजी मांत्रिकाकडे नेतात. वर्धा आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या गावांमध्ये आरोग्याच्या बैठका घेताना जे शिकायला मिळाले, ते येथे क्रमाने मांडतो.

भीतीबद्दल अभ्यास काय सांगतात

पायऱ्यांकडे वळण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. १९५३ साली अमेरिकेत आयर्विंग जॅनिस आणि सेमूर फेशबाख यांनी शाळकरी विद्यार्थ्यांना दातांच्या निगेबद्दल तीन प्रकारची व्याख्याने दिली. एका व्याख्यानात सौम्य, दुसऱ्यात मध्यम आणि तिसऱ्यात अतिशय भीतिदायक चित्रण होते. सर्वांत जास्त घाबरवलेल्या गटाने सल्ला सर्वांत कमी पाळला. १९६५ साली हॉवर्ड लेव्हेंथल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येल विद्यापीठातील विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती दिली. काहींना केवळ आजाराची भीती दाखवली, तर काहींना त्यासोबत आरोग्य केंद्राचा नकाशा, लसीकरणाची वेळ आणि आपल्या दिनक्रमातून तिथे जायला वेळ कसा काढायचा हेही दिले. केवळ भीती मिळालेल्यांपैकी सुमारे ३ टक्के विद्यार्थ्यांनी लस घेतली. नकाशा आणि वेळ मिळालेल्यांमध्ये हे प्रमाण सुमारे २८ टक्के होते. भीती जास्त होती की कमी, याने लस घेण्यात फारसा फरक पडला नाही. गावात काम करणाऱ्या प्रत्येकाने हा निष्कर्ष पाठ करून ठेवावा, असे मला मनापासून वाटते.

पुढे १९९२ साली किम विटी यांनी यामागची मनाची रीत मांडली. धोका मोठा आहे असे कळले आणि त्यावर करण्याजोगे काही आपल्या हाती आहे असेही वाटले, तर माणूस धोक्याचा बंदोबस्त करतो. धोका मोठा वाटला पण उपाय हाती नाही असे वाटले, तर तो आपल्या भीतीचाच बंदोबस्त करतो, म्हणजे विषय टाळतो, सांगणाऱ्यावर चिडतो किंवा "मले काई होत नाई" म्हणून उठून जातो. असे बोलणारा माणूस बेफिकीर असतोच असे नाही. पुष्कळदा तो बैठकीतला सर्वांत घाबरलेला माणूस असतो.

२०१५ साली अशा अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला. भीतीचे संदेश साधारणपणे परिणाम करतात, सोबत उपाय सांगितला की अधिक करतात, आणि रोज कराव्या लागणाऱ्या गोष्टींपेक्षा एकदाच करायच्या कृतीसाठी जास्त उपयोगी पडतात, असे त्यात दिसले. मात्र अशा अभ्यासांत संदेश ऐकणाऱ्याचे मन आणि वागणूक मोजली जाते. संदेश ऐकून शेजारच्या रुग्णाला गावाने कसे वागवले, हे त्यात क्वचितच मोजले जाते. आपल्याला मात्र त्याच गावात पुन्हा जायचे असते, म्हणून ते आपणच मोजले पाहिजे.

१. गावात आधीपासून कोणती भीती आहे, ते ऐका

गावात भीती नाही असे कधीच नसते. ती बहुधा आजाराची नसून दुसऱ्या कशाची तरी असते, आणि ती ओळखल्याशिवाय पत्रक छापू नये. क्षयरोगाबद्दल विचारले की आई सांगते, "लोक काय म्हनतीन? पोरीचं लगन कसं जमन?" हत्तीरोगाच्या गोळ्यांबद्दल विचारले की उत्तर येते, "गोयी खाल्ली का चक्कर येते." कुत्रा चावल्यावर दवाखान्यात का नेले नाही, असे विचारले तर आजही वयस्क मंडळी पोटातल्या चौदा इंजेक्शनांचे नाव काढतात. ती जुनी लस भारतात सुमारे दोन दशकांपूर्वीच बंद झाली आणि आता इंजेक्शन दंडात, मोजक्याच वेळा दिले जाते. पण जुनी धास्ती एका पिढीकडून दुसरीकडे गेलेली आहे. अशा घरात रेबीजची भीती आणखी वाढवून काय साधणार? तिथे इंजेक्शनाची भीती उतरवणे हेच पहिले काम आहे.

बैठकीपूर्वी वेगवेगळ्या वस्त्यांतल्या चार-पाच घरी जाऊन तीन प्रश्न विचारा: या आजाराबद्दल काय ऐकले आहे, तो झाला तर सर्वांत आधी कशाची काळजी वाटेल, आणि दवाखान्यात जायला काय आडवे येते. उत्तरे त्यांच्याच शब्दांत वहीत लिहा. मजुरी बुडण्याची भीती, नीट न बोलता हाकलून देणाऱ्या कर्मचाऱ्याची भीती, नागपूरला पाठवतील ही भीती, या सगळ्या खऱ्या आहेत आणि त्यांना अडाणीपणा म्हणणे अन्यायाचे आहे.

येथे एक मोठा सापळा आहे. नवे नाव ऐकले की भीती उसळते आणि परिचयाच्या आजाराची भीती बोथट होते. मानसशास्त्रज्ञ पॉल स्लोव्हिक यांनी १९८७ साली धोक्याच्या जाणिवेबद्दल लिहिताना हेच दाखवले होते, की अपरिचित आणि भयानक वाटणारा धोका लोकांना त्याच्या प्रत्यक्ष आकड्यापेक्षा मोठा वाटतो. २०१८ साली नागपूर परिसरात स्क्रब टायफस या बारीक किड्याच्या चाव्यातून होणाऱ्या तापाचे रुग्ण आढळले, तेव्हा त्या नावाची चर्चा पारापारावर झाली, पण त्याच पावसाळ्यात विहिरीत पाणी शुद्ध करणारी टीसीएल पावडर पडली का, हे विचारणारे थोडे होते. म्हणून नव्या आजाराबद्दल बोलताना आवाज खाली ठेवा आणि हगवण, डेंग्यू, मलेरिया यांच्याबद्दल बोलताना लोकांची सवय मोडेल इतका जोर द्या.

२. संदेश चार प्रश्नांवर घासून पाहा

प्रत्येक संदेश, मग तो भिंतीवर लिहायचा असो, मुनादीत, म्हणजे दवंडीत, सांगायचा असो की ग्रामसभेत, पुढील चार प्रश्नांना उत्तर देतो का ते पाहा. हा आजार किती गंभीर आहे? तो माझ्या घरी येऊ शकतो का? सांगितलेला उपाय खरोखर लागू पडतो का? आणि तो उपाय मला जमेल का?

आपली बहुतेक पत्रके पहिल्या प्रश्नावरच सगळी शाई संपवतात. चौथा प्रश्न जवळजवळ नेहमीच कोरा राहतो, आणि गावातली माणसे नेमकी तिथेच अडतात. "ताबडतोब जवळच्या आरोग्य केंद्रात जा" हे वाक्य एटापल्ली किंवा धारणी तालुक्यातल्या आडवाटेच्या पाड्यावर निरर्थक आहे, कारण जवळचे केंद्र कोणते, तिथे कसे जायचे, आज लस आहे का आणि सोबत कोण येणार, हे काहीच त्यात नाही.

३. भीतीचा शब्द उच्चारण्याआधी कृती तयार ठेवा

हा नियम कधीही मोडू नका. लोकांना ज्या क्षणी काळजी वाटते, त्याच क्षणी त्यांच्यापुढे लहान, ठरावीक आणि आजच करता येण्याजोगी कृती असली पाहिजे. "स्वच्छता राखा" ही कृती होत नाही. "दर शनिवारी सकाळी कूलरची टाकी, रांजण आणि न्हाणीतली सिमेंटची टाकी रिकामी करून आतून घासा" ही कृती आहे. डेंग्यूच्या डासाला अंड्यापासून उडता डास होण्यास साधारण आठ ते दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पुरतो, हे कारणही त्याच वेळी सांगा. विदर्भातल्या कूलरचा उल्लेख राज्यस्तरावरून आलेल्या पत्रकात असेलच असे नाही. तो तुम्हीच जोडला पाहिजे, कारण उन्हाळा संपल्यावर कोपऱ्यात पाण्यासह पडून राहिलेला कूलर हे आपल्याकडचे डासांचे मोठे घर आहे.

वेळही तितकीच महत्त्वाची आहे. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी चालू असताना, गडचिरोलीत तेंदूपत्त्याच्या दिवसांत किंवा पश्चिम विदर्भात कापसाच्या वेचणीत सकाळी दहाची बैठक ठेवली, तर गैरहजेरीला अनास्था म्हणू नये. त्या दिवसांत संध्याकाळी, जेवणाआधी, वस्तीवर जा.

निघण्यापूर्वी पुढील गोष्टी जवळ आहेत याची खात्री करा:

- प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने वाचून मान्य केलेला मजकूर
- उपकेंद्राचे दिवस आणि वेळा, तसेच लस व औषधांच्या साठ्याची त्याच सकाळी फोनवर घेतलेली माहिती
- रुग्णवाहिकेसाठी १०८, आरोग्य सल्ल्यासाठी १०४ आणि क्षयरोगाच्या माहितीसाठी १८००-११-६६६६ हे क्रमांक, मोठ्या अक्षरांत
- एसटीच्या जाण्या-येण्याच्या वेळा
- ओआरएसची पाकिटे, साबणाची वडी, थुंकीच्या नमुन्याची डबी, पाण्यातील क्लोरीन तपासण्याचा ओटी संच; जे दाखवायचे असेल ते प्रत्यक्ष
- आशा डायरी किंवा साधी वही

साठ्याची माहिती घेण्याचा कंटाळा करू नका. भीतीने धावत आलेला माणूस "आज लस नाही" ऐकून परतला, तर पुढच्या वेळी तुमच्या शब्दावर तो घराबाहेर पडणार नाही.

४. आजार पाहून भीतीचे माप ठरवा

सगळ्या आजारांना एकच सूर लावणे ही नव्या कार्यकर्त्यांची सर्वांत सामान्य चूक आहे. याबद्दल थोडे सविस्तर लिहितो.

रेबीज हा असा आजार आहे, की ज्यात स्पष्ट भीती न्याय्य आहे. लक्षणे सुरू झाल्यावर रुग्ण जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि चावल्यानंतर लगेच उपचार घेतले तर तो टाळता येतो. धोका टोकाचा, उपाय खात्रीचा आणि कृती मोजक्या दिवसांची, असा मेळ क्वचितच जमतो. म्हणून येथे सरळ बोला: जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवा, त्यावर मिरची, चुना, हळद किंवा तेल लावू नका, आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रक्त आले असेल तर लसीसोबत जखमेत सिरम द्यावे लागते आणि ते प्रत्येक केंद्रात नसते, म्हणून आधी फोन करा. लहान पिल्लाचा चावाही धोक्याचाच, हे आवर्जून सांगा. साबण आणि बादली घेऊन एखाद्या मुलाच्या हातावर पंधरा मिनिटे धुऊन दाखवा. पंधरा मिनिटे किती लांब असतात, हे पाहिल्याशिवाय कळत नाही.

क्षयरोगात हा सूर घातक ठरतो. येथे कृती एका दिवसाची नसून महिनोन्महिने गोळ्या घेण्याची आहे, आणि मरणाची भीती इतके दिवस माणसाला नियमित ठेवू शकत नाही. शिवाय ती भीती ताबडतोब रुग्णाकडे वळते. घरात त्याची भांडी वेगळी होतात, सून माहेरी पाठवली जाते. क्षयरोग हवेतून पसरतो, ताट-वाटीतून नाही, आणि योग्य औषधे सुरू झाल्यावर संसर्ग पसरण्याची शक्यता काही आठवड्यांत झपाट्याने कमी होते, ही दोन वाक्ये तुमच्या भाषणात मृत्यूच्या आकड्यांच्या आधी आली पाहिजेत. त्यानंतर दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप, वजन घटणे ही लक्षणे सांगा. तपासणी आणि औषधे मोफत आहेत हे सांगा. उपचार चालू असताना आहारासाठी बँक खात्यात मिळणारी निक्षय पोषण योजनेची मदत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला ५०० रुपयांवरून १००० रुपये झाली आहे, हेही सांगा, आणि त्यासाठी आधार व बँक पासबुकाची प्रत लागते हे विसरू नका. मजुरी बुडण्याची भीती वाटणाऱ्या घरात हीच माहिती सर्वांत जास्त धीर देते.

कुष्ठरोगाबाबत भीतीचा एक थेंबही नको, असे माझे ठाम मत आहे. भीतीने काय होते ते विदर्भाइतके कोणाला ठाऊक असणार? घराबाहेर काढलेल्या माणसांसाठी १९३६ साली वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहर दिवाण यांनी काम सुरू केले, अमरावतीला शिवाजीराव पटवर्धनांनी तपोवन उभारले आणि वरोऱ्याला बाबा आमट्यांनी आनंदवन वसवले. या संस्थांची थोरवी सांगताना एक गोष्ट मुलांना जरूर सांगावी, की गावांनी घाबरून आपली माणसे टाकली नसती, तर त्यांना वेगळी वस्ती करावी लागली नसती. आज बहुविध औषधोपचाराने हा आजार सहा किंवा बारा महिन्यांत बरा होतो, औषध मोफत मिळते आणि बहुतांश लोकांच्या शरीरात या जंतूविरुद्ध नैसर्गिक प्रतिकारशक्ती असते. तरीही झडलेल्या बोटांचे चित्र दाखवून "लवकर या" म्हणणारी भित्तिपत्रके दिसतात. ते चित्र पाहून न दुखणारा फिकट चट्टा असलेली तरुण मुलगी बाहीचे कापड लांब करते. चट्ट्याचे चित्र दाखवा, तिथे स्पर्श कळत नाही हे सांगा, आणि बरे झालेल्या व्यक्तीने तयारी दर्शवली तर तिलाच बोलू द्या. ३० जानेवारीपासूनच्या, कुष्ठरोगाबद्दल जागृती करणाऱ्या स्पर्श अभियानात यासाठी चांगली संधी मिळते.

मलेरियाबद्दल थोडक्यात: गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात लोकांना हा आजार पुरेपूर माहीत आहे. तिथे घाबरवण्यापेक्षा मच्छरदाणी घरातल्या प्रत्येकाला पुरते का, हे मोजणे अधिक उपयोगाचे.

५. औषधाचा त्रास आधीच सांगा

पूर्व विदर्भात हत्तीरोगाच्या सामुदायिक औषधोपचार मोहिमेत तुम्ही नक्कीच सहभागी व्हाल. येथे आजाराची भीती आणि गोळीची भीती यांची थेट झुंज असते, आणि गोळीची भीती जिंकते, कारण हत्तीरोग अनेक वर्षांनंतर दिसतो तर चक्कर त्याच रात्री येते. पाय सुजलेल्या रुग्णाचे छायाचित्र दाखवून हा तिढा सुटत नाही. निरोगी दिसणारा माणूस "हे माझे नाही" म्हणून मान फिरवतो. त्याला सांगायचे ते हे, की बाहेरून काहीही न दिसणाऱ्या माणसाच्या रक्तातही हे जंतू असू शकतात आणि क्युलेक्स डास ते घराघरांत नेतो.

गोळी देण्यापूर्वीच सांगा की काहींना ताप, डोकेदुखी, मळमळ किंवा चक्कर येऊ शकते, तो त्रास बहुधा जंतू मरत असल्यामुळे होतो आणि साधारण एक-दोन दिवसांत ओसरतो. ही माहिती लपवली तर पहिल्या चक्करेबरोबर तुमची विश्वासार्हता जाते आणि बातमी शेजारच्या तीन गावांत पोचते. उपाशीपोटी गोळी देऊ नका, समोर गिळल्याशिवाय नोंद करू नका, आणि दोन वर्षांखालील मुले, गर्भवती स्त्रिया व गंभीर आजारी व्यक्तींना वगळण्याचा नियम पाळा. त्रास झाल्यास कोणाला फोन करायचा, तो क्रमांक दारावर खडूने लिहून या आणि त्या रात्री फोन उचला.

रक्तनमुने रात्री घ्यावे लागतात, कारण हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रात्रीच रक्तात फिरतात. अनोळखी माणसे बॅटरी घेऊन रात्री दारात आली तर कोणीही घाबरेल. म्हणून दोन दिवस आधी पोलीस पाटील, सरपंच आणि बचत गटाच्या अध्यक्षांना कारणासह कळवा आणि गावातली आशाताई पुढे असू द्या.

६. भीती माणसावर वळू देऊ नका

ग्रामसभेत रुग्णाचे नाव, आडनाव, वस्ती किंवा "ते टोकावरचे घर" अशी खूण कधीही सांगू नका. २०२० साली करोनाच्या साथीत दारावर लागलेल्या फलकांनी काय केले, ते पुष्कळ गावांनी पाहिले आहे: लोक ताप लपवू लागले. १८९७ साली पुण्यात प्लेगच्या वेळी घरझडत्या सुरू झाल्या, तेव्हाही लोकांनी रुग्ण लपवले होते. पकडले जाण्याची भीती आजाराच्या भीतीवर मात करते, हे दोन्ही वेळा दिसले. म्हणून "तपासणी न केल्यास कारवाई", "योजनेचे लाभ बंद" असले शब्द पत्रकात घालण्याचा आग्रह कोणी धरला, तर नम्रपणे पण ठामपणे नकार द्या. परगावाहून कामाला आलेले मजूर, एखादी वस्ती किंवा एखादी जात यांच्याकडे बोट दाखवणारे वाक्य कोणाच्याही तोंडून निघाले, तर तिथल्या तिथे थांबवा.

७. अफवेला उत्तर देताना

अफवा जशीच्या तशी उच्चारून मग खोडू नका. ऐकणाऱ्याच्या लक्षात पुष्कळदा तेवढीच राहते. आधी खरे सांगा, मग चुकीची गोष्ट फिरते आहे एवढेच सूचित करा, आणि पुन्हा खरे सांगा. व्हॉट्सअॅपवर वाद घालण्यापेक्षा ज्याने तो निरोप पाठवला, त्याच्या ओसरीवर जाऊन बसा. माडिया, गोंडी किंवा कोरकू बोलणाऱ्या वस्तीत त्याच भाषेतली बाई बोलू द्या आणि तुम्ही मागे बसा. मेळघाटातील भुमका किंवा गडचिरोलीतील पुजारी यांना शत्रू ठरवले, तर लोकांना दोघांपैकी एकाची निवड करावी लागते आणि ती तुमच्या बाजूने होईलच असे नाही. "तुमचे तुम्ही करा, पण तापाचे पोर त्याच दिवशी आमच्याकडेही पाठवा" एवढी विनंती बहुधा मान्य होते.

८. परिणाम तपासा

बैठकीला किती लोक आले, यावरून काही कळत नाही. छापण्यापूर्वी मजकूर पाच जणांना वाचून दाखवा आणि एकच प्रश्न विचारा: "हे ऐकून उद्या सकाळी काय कराल?" उत्तर "काळजी घेऊ" असे आले तर मजकूर परत लिहा, "शनिवारी कूलर रिकामा करू" असे आले तर छापा.

आठ दिवसांनी त्याच घरांना भेट द्या. कूलर कोरडा आहे का, खोकणाऱ्या किती जणांनी थुंकीचा नमुना दिला, गोळी किती जणांनी समोर घेतली, याची नोंद करा. त्याखाली आणखी एक रकाना आखा: बैठकीनंतर कोणत्या रुग्णाशी शेजाऱ्यांचे वागणे बदलले का. ज्यांनी सांगितलेले केले नाही, त्यांनी दिलेले कारण त्यांच्या शब्दांत लिहा आणि ती वही आरोग्य केंद्राच्या मासिक सभेत वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर ठेवा. पुढच्या महिन्याचा मजकूर तिथल्या कारणांवरूनच तयार करायचा आहे.